मुलाला शाळेत त्रास दिला जातोय: पहिल्या बोलण्यापासून शाळेतल्या बैठकीपर्यंत काय करायचं

मूल एके दिवशी सांगतं, "मला शाळेत सगळे त्रास देतात," आणि पुढच्या तासाभरात बहुतेक घरांमध्ये दोनपैकी एक गोष्ट होते. एक तर "लक्ष देऊ नकोस", "तूच काहीतरी केलं असशील" असं म्हणून विषय मिटवला जातो. नाहीतर आईबाबा रागाच्या भरात थेट शाळा गाठतात. पहिल्या घरातलं मूल एकटं पडतं. दुसऱ्या घरातल्या मुलाला न विचारता सगळं घडतं आणि "घरी सांगतोस काय?" म्हणून दुसऱ्या दिवशी त्याला जास्त मार बसतो. दोन्ही मुलं एकच गोष्ट शिकतात: पुन्हा सांगायचं नाही.

छळात मुलाच्या हातून सर्वांत आधी जातो तो स्वतःच्या दिवसावरचा ताबा. कुठे बसायचं, कोणाशी बोलायचं, कोणत्या जिन्याने जायचं हे दुसरंच कोणीतरी ठरवू लागतं. म्हणून मदत करताना मुलाच्या पाठीमागे काहीही करायचं नाही. काय करणार, कधी करणार, हे त्याला आधी कळलं पाहिजे. पण छळ थांबवण्याचं ओझं त्याच्या खांद्यावर टाकायचं नाही. ते काम मोठ्यांचं. खाली दिलेला क्रम या दोन्ही गोष्टी सांभाळण्यासाठी आहे.

मस्करी, भांडण की छळ?

दोघांनी एकमेकांना ढकललं, दोघंही रडले आणि दोन दिवसांनी पुन्हा एकत्र खेळू लागले, तर ते भांडण. मस्करीत दोघंही हसतात आणि एकाने "पुरे" म्हटलं की दुसरा थांबतो. छळाच्या खुणा वेगळ्या. या विषयाचा पद्धतशीर अभ्यास १९७० च्या दशकात सुरू करणारे मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांनी तीन खुणा सांगितल्या आणि जगभर आजही त्याच वापरल्या जातात: त्रास मुद्दाम दिला जातो, तो पुन्हा पुन्हा होतो आणि दोन्ही बाजूंच्या ताकदीत फरक असतो. ताकद म्हणजे फक्त अंगातलं बळ नव्हे. संख्या, वय, वर्गातली वट, अस्खलित बोलता येणं, समोरच्याचं एखादं गुपित माहीत असणं, हीसुद्धा ताकदच. त्यामुळे शरीराने लहान असलेली मुलगीही वर्गातल्या धिप्पाड मुलाचा छळ करू शकते.

हा फरक उपायासाठी महत्त्वाचा आहे. भांडणात दोघांना समोरासमोर बसवून समेट घडवता येतो. छळात तोच उपाय उलटतो, कारण ज्याची भीती वाटते त्याच्यासमोर मूल खरं बोलत नाही. "मिटलं" म्हणतं आणि बाहेर पडल्यावर त्याची किंमत मोजतं. 'पुन्हा पुन्हा' या खुणेला मात्र एक अपवाद लक्षात ठेवा. लाज आणणारा फोटो ग्रुपवर एकदाच टाकलेला असला, तरी तो जितक्यांनी पुढे पाठवला तितक्या वेळा तो छळच आहे.

मारहाण आणि शिवीगाळ निदान दिसते तरी. सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहतं ते वाळीत टाकणं. "तिच्याशी कोणी बोलायचं नाही", गट पाडताना तिला शेवटी सोडणं, ती आली की गप्प होणं, तिच्या नावाने अफवा उठवणं. अंगावर वळ नसतात, फाटलेली वही नसते, म्हणून शिक्षक म्हणतात, "मैत्री जबरदस्तीने कशी करायला लावणार?" मैत्री करायला कोणी लावू नये, हे खरं. पण ठरवून बहिष्कार घालणं ही आवडनिवडीची बाब उरत नाही. ते ठरवून केलेलं कृत्य आहे आणि त्याची दखल तशीच घेतली गेली पाहिजे.

न सांगणारं मूल कसं ओळखायचं

पुष्कळ मुलं सांगतच नाहीत. लाज वाटते, आईबाबांना त्रास होईल असं वाटतं, चुगलखोर ठरण्याची भीती असते. अशा वेळी वागण्यातले बदल पाहावे लागतात. दुखणं कधी उठतं ते पाहा: पोटदुखी आणि डोकेदुखी शाळेच्या दिवशी सकाळी असते आणि सुट्टीत गायब होते का? घरी आल्या आल्या मूल आधी स्वच्छतागृहाकडे धावतं का? शाळेतल्या स्वच्छतागृहात त्रास होत असेल, तर मुलं दिवसभर लघवी रोखून धरतात, त्यासाठी पाणीही पीत नाहीत. वस्तू वारंवार हरवणं, पैसे कमी पडणं, शाळेतून भुकेलं येणं, नेहमीची वाट बदलणं, लहान भावंडावर अचानक चिडणं, फोन वाजला की चेहरा उतरणं, ही आणखी काही लक्षणं.

एका लक्षणावरून निष्कर्ष काढू नका. दोन-तीन लक्षणं दोन आठवडे टिकली, तर बोलायची वेळ झाली आहे. "तुला कोणी त्रास देतं का?" या प्रश्नाला बहुतेक मुलं "नाही" म्हणतात. त्याऐवजी बाजूने विचारा: "मधल्या सुट्टीत तू कोणाबरोबर असतोस?", "तुमच्या वर्गात कोणाला सगळे जास्त चिडवतात?", "शाळेतली कोणती जागा तुला अजिबात आवडत नाही?"

पायरी १: पहिलं बोलणं

समोर बसवून डोळ्यांत डोळे घालून चौकशी करू नका. चालताना, प्रवासात, भांडी आवरताना, म्हणजे दोघांची नजर दुसरीकडे असताना मुलं मोकळी होतात. पंधरा-वीस मिनिटं पुरेत. सगळं एका बैठकीत काढून घ्यायचा हट्ट धरला, तर मूल मिटून जातं.

ऐकताना चेहरा शांत ठेवणं हे या पायरीतलं सगळ्यात अवघड काम. आई रडायला लागली किंवा बाबा संतापले, की मूल उरलेलं गिळून टाकतं आणि उलट तुम्हालाच धीर द्यायला लागतं. पहिलं वाक्य साधं असू द्या: "बरं केलंस सांगितलंस. माझा तुझ्यावर विश्वास आहे. यात तुझी चूक नाही." मग "पुढे काय झालं?", "तेव्हा आजूबाजूला कोण होतं?", "त्यानंतर तू काय केलंस?" असे प्रश्न विचारा. "का" हा शब्द टाळा. "तू उलट का नाही बोललास?", "आधी का नाही सांगितलंस?" यात प्रश्न कमी आणि आरोप जास्त ऐकू येतो.

किती त्रास होतोय हे शब्दांत सांगता येत नसेल, तर शून्य ते दहा असा अंक विचारा. "उद्या शाळेत जायची भीती किती? शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे जाऊच शकत नाही." हा अंक लिहून ठेवा, पुढे दर आठवड्याला तोच विचारायचा आहे.

मूल हमखास म्हणेल, "पण कोणाला सांगू नकोस." खोटं वचन देऊ नका. असं सांगा: "तुला न सांगता मी काहीही करणार नाही. पण तुला इजा होण्याचा धोका असेल, तर मला कोणाला तरी सांगावं लागेल, आणि तेव्हाही आधी तुला सांगेन." मोठ्या मुलांना हा करार पटतो. आपल्याच नशिबी हे आलं असं वाटणाऱ्या मुलाला हेही सांगा की, युनेस्कोच्या २०१९ च्या अहवालानुसार जगभरात जवळजवळ तीनपैकी एका विद्यार्थ्याला महिन्याभरात एकदा तरी सोबत्यांकडून असा त्रास झालेला असतो. त्रास होणं ही त्याच्यातली खोट नाही.

पायरी २: नोंदवही

त्याच रात्री एक वही सुरू करा. शाळेशी बोलताना "सारखा त्रास देतात" याला वजन नसतं. "तीन आठवड्यांत सहा वेळा, त्यातल्या चार वेळा एकाच जिन्याजवळ" याला असतं. शिवाय वही लिहिताना तुम्हालाही नमुना दिसू लागतो. प्रत्येक घटनेसाठी एवढंच लिहायचं:

- दिवस, तारीख आणि वेळ (घड्याळातली आठवत नसेल तर "गणिताच्या तासानंतर")
- नेमकी जागा
- कोणी काय केलं, काय म्हटलं. शिवी असली तरी जशीच्या तशी
- कोण कोण पाहत होतं
- मुलाने काय केलं, कोणत्या मोठ्या माणसाला सांगितलं, त्या व्यक्तीने काय केलं
- परिणाम: जखम, तुटलेली वस्तू, बुडालेला दिवस

"त्याला मत्सर वाटतो म्हणून त्याने केलं" असे अंदाज वहीत नकोत. पुढे एखादा अंदाज चुकीचा निघाला की सगळी वही संशयाची होते. जखमेचा फोटो त्याच दिवशी काढा, शेजारी पट्टी ठेवून काढला तर आकार कळतो. फाटलेले कपडे, मोडलेल्या वस्तू ठेवून द्या.

मुलाला रोज "आज काय झालं?" विचारून वही भरू नका. घरही चौकशीची खोली होऊन जातं. दिवसाआड दहा मिनिटं ठरवा. त्यापलीकडे घरात या विषयावर शांतता हवी.

पायरी ३: शाळेचा नकाशा

हे काम मुलांना आवडतं आणि फार कामाचं असतं. मोठ्या कागदावर मुलाला त्याची शाळा काढायला सांगा: फाटक, वर्ग, जिने, मैदान, स्वच्छतागृह, बस थांबते ती जागा. मग तीन रंगांत ठिपके. लाल म्हणजे इथे त्रास होतो, पिवळा म्हणजे कधी कधी, हिरवा म्हणजे इथे बरं वाटतं. प्रत्येक लाल ठिपक्याशेजारी वेळ लिहायची.

बहुतेक नकाशांत लाल ठिपके तिथे जमतात, जिथे मोठ्यांचं लक्ष नसतं: मधली सुट्टी, तास बदलतानाचा व्हरांडा, कपडे बदलायची खोली, बसची मागची बाकं, शाळा सुटल्यानंतरची पाच-दहा मिनिटं. यावरून दोन याद्या तयार होतात. पहिली शाळेसाठी: या जागी या वेळी लक्ष ठेवा. दुसरी मुलासाठी, तात्पुरती: बसमध्ये चालकाजवळ बसणं, स्वच्छतागृहात तासाच्या मध्ये परवानगी घेऊन जाणं, सुट्टी झाल्यावर कोणाबरोबर तरी बाहेर पडणं, मधल्या सुट्टीत ग्रंथालयात थांबणं.

तात्पुरती, हा शब्द महत्त्वाचा. मुलाने कायमचं ग्रंथालयात लपून बसणं हा तोडगा नव्हे. तीन-चार आठवड्यांनी हे बदल मागे घेता आले नाहीत, तर शाळेने तिचं काम केलेलं नाही असं समजा.

पायरी ४: तोंड देण्याचा सराव

आधी चालत नाहीत ते सल्ले. "दुर्लक्ष कर" हा सगळ्यात जास्त दिला जाणारा आणि सगळ्यात कमी उपयोगी पडणारा सल्ला, कारण मुलाला तो "सोसत राहा" असा ऐकू येतो आणि त्याचा ताठरलेला चेहरा समोरच्याला सगळं सांगत असतो. "तूही दोन ठेवून दे" यात समोरचा बलवान असेल तर इजा होते, आणि शिक्षकांच्या नजरेला फक्त दुसरा फटका पडतो. तक्रारदार एका क्षणात आरोपी होतो. झणझणीत उत्तर देऊन गप्प करायचं हेही घरी बसून सुचतं. भेदरलेल्या मुलाला ते आठवत नाही, आणि आठवलं तर खेळ रंगतो.

त्रास देणाऱ्याला हवी असते प्रतिक्रिया: रडणं, चिडणं, पळणं, आणि त्यावर बघ्यांचं हसणं. ती प्रतिक्रिया कोरडी करणं, एवढाच सरावाचा हेतू. दोन आठवडे, दिवसाला पाच ते दहा मिनिटं पुरतात.

पहिले दोन-तीन दिवस फक्त शरीर. दोन्ही पाय जमिनीवर, खांदे सैल, हात मोकळे, नजर समोरच्याच्या कपाळावर (डोळ्यांत पाहणं भित्र्या मुलाला जड जातं, कपाळावर पाहिलेलं समोरच्याला कळत नाही). एक श्वास सोडायचा, मग बोलायचं. आवाज ना दबका, ना चढा. खोलीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल इतका.

मग वाक्यं. पाच-सहा शब्दांपेक्षा मोठी नकोत: "थांब. मला हे आवडत नाही." "असं बोलू नकोस." नावं ठेवणाऱ्याला नुसतं "बरं" किंवा "तुझं मत." एकदाच म्हणायचं, उत्तराची वाट पाहायची नाही, वळून माणसं असतील त्या दिशेने चालू लागायचं. वाक्य मुलाने स्वतः निवडलेलं हवं. तुमच्या तोंडचं वाक्य त्याच्या तोंडी पाठ केल्यासारखं वाटतं.

सराव करताना पहिल्या वेळी मुलाला त्रास देणाऱ्याची भूमिका द्या आणि तुम्ही मूल व्हा. त्यामुळे नेमकं काय बोललं जातं ते तुम्हाला कळतं, आणि मुलाला उत्तर बाहेरून पाहता येतं. मग अदलाबदल. तुम्ही त्रास देणारे असाल तेव्हा सौम्य सुरुवात करा. मूल रडवेलं झालं तर लगेच थांबा.

परिस्थितीनुसार फरक शिकवायलाच हवा. वर सांगितलेलं सगळं चिडवण्यापुरतं. कोणी पैसे किंवा वस्तू हिसकावत असेल, तर देऊन टाकायची आणि निघून यायचं. वस्तू पुन्हा घेता येते. घोळक्याने घेरलं तर वाक्यं नकोत, मोठ्याने ओरडून बाहेर पडायचं. अंगावर हात पडला तर डोकं आणि चेहरा झाकायचा, सुटायचं आणि जवळच्या मोठ्या माणसापर्यंत पोहोचायचं.

दोन गोष्टी मुलाला आधीच सांगून ठेवा. नेहमीची प्रतिक्रिया मिळेनाशी झाली की पहिले काही दिवस त्रास वाढू शकतो. समोरचा जास्त जोर लावून पाहतो. त्यामुळे मुलाला "उपाय फसला" असं वाटायला नको. आणि वाक्य जमलं नाही, पाय लटपटले, रडू आलं, तर त्यात हरण्यासारखं काही नाही, कारण थांबवायचं काम मुळात त्याचं नव्हतंच.

चुगली आणि मदत मागणं यातला फरकही इथेच सांगावा. कोणाला तरी अडचणीत आणण्यासाठी सांगतो ती चुगली. कोणाला तरी अडचणीतून बाहेर काढण्यासाठी सांगतो ती मदत, आणि तो कोणीतरी आपण स्वतःही असू शकतो.

पायरी ५: एक मित्र

वर्गातल्या सगळ्यांनी आवडून घ्यायची गरज नसते. एक खरा मित्र, ज्यालाही हा आवडतो, एवढ्यानेसुद्धा त्रास आणि त्याचे परिणाम दोन्ही कमी होतात, असं संशोधनात दिसलेलं आहे. एकटं मूल सोपं सावज असतं, हे त्याचं साधं कारण.

अशी मैत्री घडवायला पालक मदत करू शकतात. वर्गातलं कोणतं मूल हसत नाही, त्रासात सामील होत नाही, ते मुलाला विचारा. त्या एकालाच घरी किंवा मैदानावर बोलवा. तिघं आले की दोघं एकत्र आणि एक बाजूला, हे लहानपणी फार लवकर होतं. पहिल्या वेळी दीड तास, त्याहून जास्त नको. कंटाळा येण्याआधी संपलेली भेट पुन्हा हवीशी वाटते. हाताला काहीतरी काम असलेला बेत ठेवा. नुसतं "खेळा" म्हटलं की बुजरी मुलं अडखळतात. शाळेबाहेरचं एखादं वर्तुळही शोधा: खेळ, वाद्य, चित्र, बुद्धिबळ, काहीही. तिथे त्याची शाळेतली ओळख कोणाला माहीत नसते.

बघ्यांची ताकद मोठी असते. टोरांटोच्या शाळांच्या मैदानांवर केलेल्या निरीक्षणांवर आधारित एक अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. छळाच्या बहुतेक प्रसंगांत इतर मुलं हजर होती. मध्ये पडणारी मुलं थोडी होती, पण ती मध्ये पडली तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा छळ दहा सेकंदांच्या आत थांबला. तुमचं मूल बघ्यांपैकी असेल, तर त्याला भिडायला सांगू नका. चार सोप्या गोष्टी सांगा: हसू नको, "चल, सर बोलावतायत" म्हणून त्या मुलाला तिथून घेऊन जा, नंतर त्याच्याशेजारी जाऊन बस, आणि मोठ्यांना सांग. यातली तिसरी सगळ्यात सोपी, आणि ज्याच्या शेजारी कोणी येऊन बसतं त्याला ती विसरता येत नाही.

पायरी ६: शाळेशी बोलणं

सुरुवात वर्गशिक्षकांपासून, आणि लेखी. फोनवरचं बोलणं हवेत जातं. पत्र एका पानाच्या आत, आरोपाचा सूर न लावता:

"माझ्या मुलीला गेल्या तीन आठवड्यांपासून वर्गातील दोन विद्यार्थिनींकडून वारंवार त्रास होत आहे. सहा घटनांची नोंद सोबत जोडली आहे. त्यांपैकी चार मधल्या सुट्टीत मागच्या जिन्याजवळ घडल्या. मुलीला शाळेत येण्याची भीती वाटते व गेल्या आठवड्यात ती दोन दिवस गैरहजर राहिली. याबाबत या आठवड्यात अर्धा तास भेटीची वेळ द्यावी. तोपर्यंत मधल्या सुट्टीत त्या जागी शिक्षकांचे लक्ष राहील अशी व्यवस्था करावी, ही विनंती."

पत्राची प्रत आणि पोहोच ठेवा. पाठवण्याआधी मुलाला वाचून दाखवा. एखादं वाक्य त्याला नको असेल तर ऐका.

बैठकीत "त्याला शिक्षा करा" हे पहिलं वाक्य नको. शिक्षक लगेच बचावाच्या पवित्र्यात जातात आणि चर्चा त्या दुसऱ्या मुलाभोवती फिरू लागते. "माझं मूल सुरक्षित राहण्यासाठी उद्यापासून काय बदलेल?" इथून सुरुवात करा आणि चार उत्तरं घेतल्याशिवाय उठू नका. लाल ठिपक्यांच्या जागी कोण लक्ष ठेवणार? मुलाने मदत कोणाकडे मागायची (एका व्यक्तीचं नाव हवं, "कोणत्याही शिक्षकांना सांग" म्हणजे कोणालाच नाही)? त्रास देणाऱ्या मुलांशी कोण आणि कधी बोलणार? आपण पुन्हा कधी भेटायचं, तारीख कोणती? त्याच संध्याकाळी ठरलेलं सगळं चार ओळींत लिहून शिक्षकांना पाठवा.

काही उपाय शाळा चांगल्या हेतूने करतात आणि ते फसतात. त्यांना स्पष्ट नकार द्या:

- दोघांना एकत्र बसवून "हात मिळवा" म्हणणं. कारण वर आलंच आहे.
- संपूर्ण वर्गासमोर माफी मागायला लावणं. अपमान झालेला मुलगा सूड घेतो, आणि तो मोठ्यांच्या नजरेआड घेतो.
- वर्गात नाव घेऊन "याला कोणी चिडवायचं नाही" असं जाहीर करणं.
- त्रास सोसणाऱ्यालाच दुसऱ्या बाकावर, दुसऱ्या तुकडीत पाठवणं. हलवायचंच असेल तर त्रास देणाऱ्याला हलवा.

चांगली पद्धत कशी दिसते हे माहीत असलेलं बरं. फिनलंडच्या तुर्कू विद्यापीठात तयार झालेल्या 'कीवा' या कार्यक्रमात शाळेतले दोन-तीन प्रशिक्षित मोठे लोक आधी त्रास सोसणाऱ्याशी बोलतात. मग त्रास देणाऱ्यांना एकेकटं भेटतात आणि तू काय बदलशील, ते ठोसपणे ठरवून घेतात. वर्गशिक्षक वर्गातल्या दोन ते चार समजूतदार मुलांना आधार द्यायची जबाबदारी सोपवतात, आणि काही दिवसांनी सगळ्यांची पुन्हा भेट होते. तुमच्या शाळेत असा कार्यक्रम नसला, तरी हा क्रम कागदावर लिहून सुचवता येतो. शेवटची भेट सगळ्यात जास्त वेळा राहून जाते आणि तिच्याअभावीच त्रास पुन्हा सुरू होतो.

त्या मुलाच्या आईवडिलांना थेट गाठू नका, ओळखीचे असले तरीही. स्वतःच्या मुलाविरुद्ध ऐकल्यावर जवळजवळ प्रत्येक पालक आधी मुलाची बाजू घेतो, मग दोन घरांचं भांडण होतं आणि मुद्दा बाजूला राहतो. त्या मुलाला रस्त्यात गाठून दम देणं तर अजिबात नको. तेव्हा तुम्ही मोठे आणि तो लहान असतो, आणि तुमच्याविरुद्धची तक्रार खरी असते.

तिसऱ्या दिवशी, दोन आठवड्यांनी आणि सहा आठवड्यांनी शाळेकडे विचारणा करा. दोन आठवड्यांत वही तशीच भरत असेल, तर मुख्याध्यापकांना लेखी द्या. तिथेही हललं नाही, तर शाळेच्या व्यवस्थापनाकडे आणि मग शिक्षण विभागाकडे, प्रत्येक वेळी आधीची पत्रं जोडून. टोमणे मारणारे, अपमान करणारे स्वतः शिक्षकच असतील, तर पहिली पायरी वगळून थेट मुख्याध्यापकांकडे जा.

फोनवरचा छळ

क्रम चुकला की पुरावा जातो. आधी स्क्रीनशॉट: पाठवणाऱ्याचं नाव किंवा क्रमांक, तारीख आणि वेळ दिसेल असा, मागचेपुढचे संदेश धरून. मग त्या ॲपमध्ये तक्रार नोंदवा. शेवटी ब्लॉक. उत्तर देऊ नका. चिडून दिलेल्या एका उत्तराचा स्क्रीनशॉट समोरचाही काढतो. मुलाचा विवस्त्र किंवा अर्धवस्त्र फोटो फिरत असेल तर तो स्वतःच्या फोनवर साठवू नका, कोणालाही पुढे पाठवू नका. फोन आहे तसा ठेवून पोलिसांकडे जा.

मुलाचा फोन काढून घेण्याचा मोह होतो. मुलं ऑनलाइन त्रासाबद्दल का सांगत नाहीत, याचं एक मोठं कारण नेमकं हेच: सांगितलं की फोन जाणार. रात्री सगळ्यांचेच फोन, तुमचेसुद्धा, झोपायच्या खोलीबाहेर ठेवायचे, एवढा नियम पुरतो. छळ निदान रात्रीपुरता दाराबाहेर राहतो.

वाट पाहायची नाही असे प्रसंग

"मी नसतो तर बरं झालं असतं", "मला जगायचं नाही" असं मूल म्हणालं, स्वतःला इजा केल्याच्या खुणा दिसल्या, आवडत्या वस्तू वाटून टाकायला लागलं, तर वरच्या पायऱ्या बाजूला ठेवा. सरळ विचारा: "स्वतःला संपवावं असं तुझ्या मनात येतं का?" विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरते हा गैरसमज आहे, विचारल्याने मुलाला बोलायची वाट मिळते. उत्तर "हो" असेल तर एकटं सोडू नका, औषधं, कीटकनाशकं आणि धारदार वस्तू कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. नॉर्वेत १९८२ च्या अखेरीस तीन मुलांनी आत्महत्या केल्या, त्यामागे सोबत्यांचा छळ असावा असं समोर आलं, आणि त्यानंतर १९८३ मध्ये तिथे छळाविरुद्ध देशव्यापी मोहीम सुरू झाली. तेव्हापासून हा विषय पोराटोरांच्या खोड्या म्हणून सोडून देता येत नाही.

लैंगिक स्वरूपाचा स्पर्श किंवा जबरदस्ती, हत्याराची धमकी, उपचार लागतील अशी मारहाण, या गोष्टी शाळेअंतर्गत मिटवायच्या नसतात. वैद्यकीय तपासणी आणि पोलीस, त्याच दिवशी.

दुखापत नसली, तरी भीतीचा अंक चार आठवड्यांत खाली आला नाही, झोप उडाली, अभ्यासातून मन पूर्ण उठलं, तर समुपदेशकाची मदत घ्या. त्रास थांबल्यावरही भीती काही काळ उरते आणि तिच्यावर वेगळं काम करावं लागतं.

तुमचंच मूल त्रास देत असल्याचं कळलं तर

"माझं मूल असं करणारच नाही" हे वाक्य गिळा आणि नेमकं काय झालं ते शाळेकडून ऐका. घरी मारू नका. बलवान दुर्बळाला मारतो, हाच धडा पक्का होतो. मुलाला शांतपणे सांगा की तू केलंस ते चूक आहे आणि ते आजपासून बंद. मोडलेली वस्तू त्याच्या खाऊच्या किंवा साठवलेल्या पैशातून भरून द्यायला लावा. हेही तपासा की, त्याला स्वतःला कुठे त्रास होतोय का, कारण एका ठिकाणी सोसणारी आणि दुसऱ्या ठिकाणी देणारी मुलं असतात आणि पुढच्या आयुष्यात सर्वाधिक त्रास त्यांनाच होतो, असं दीर्घकाळ चाललेल्या अभ्यासांत दिसलं आहे.

शाळा बदलावी का?

शेवटचा पर्याय, पण पर्याय आहे. सहा ते आठ आठवडे लेखी पाठपुरावा करूनही शाळा हलत नसेल आणि मुलाचा अंक वरच राहत असेल, तर बदला. "पळपुटेपणा" म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. तिथे रोज आठ तास बसायचं असतं ते मुलाला. नव्या शाळेत जाण्याआधी मुलाबरोबर एकदा फेरी मारा, मदत कोणाकडे मागायची ती व्यक्ती आधीच ठरवून घ्या, आणि जुनी गोष्ट तिथे किती सांगायची ते मुलाला ठरवू द्या. नोंदवही फेकू नका, पण कपाटात ठेवा. भीतीचा अंक मात्र पहिला महिनाभर दर रविवारी संध्याकाळी विचारत राहा.